अर्ध्या युनिटात पासष्ट किलोमीटर

टेंभुर्णीहून पंढरपूर गाठायचं आणि परतीचीही जवळपास निम्मी वाट चालायची, तर अंदाजे ६५ किलोमीटर होतात. वारीच्या या मुलखात एवढं अंतर पायी तोडणारे घरोघरी भेटतील. पण १ आणि २ मे २०११ला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तेच अंतर एका यंत्रानं चालून दाखवलं. यंत्राचं नाव ‘रेंजर’. बॅटरी एकदाच चार्ज केलेली, वाटेत कुणाचा हात लागला नाही, फक्त दिशा माणूस रिमोटनं देत होता. ६५.२ किलोमीटर, १,८६,०७६ पावलं, जवळपास ३१ तास. वीज लागली ४९३ वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटलाही थोडी कमी.

हे काम प्रा. अँडी रुइना यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यावरच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक प्रणव भौंसुले. गोवा विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी, मद्रास आयआयटीतून एम.टेक. आणि मग कॉर्नेलला पीएच.डी. असा त्यांचा प्रवास.

रेंजरला गुडघे नव्हते. पाय चार, पण बाहेरचे दोन एकत्र हलायचे आणि आतले दोन एकत्र, त्यामुळे चालीच्या हिशेबात ते दोनच. बाजूला कलंडण्याची चिंता अशी मिटवली होती. पुढे-मागे पडण्याची मात्र होतीच, आणि सगळी कमाल तिथेच आहे.

चालणं म्हणजे पुढे पडत जाणं आणि दर वेळी वेळेवर पाय टेकवणं. १९९०मध्ये टॅड मॅकगीर यांनी मोटर नसलेले, संगणक नसलेले पाय सौम्य उतारावरून चालवून दाखवले. गुरुत्वाकर्षणच त्यांना पुढे नेत होतं. होंडाच्या ‘असिमो’सारखी यंत्रं याच्या उलट, प्रत्येक सांधा सतत ताब्यात ठेवून चालत. वजन आणि अंतराच्या हिशेबात असिमोचा ऊर्जाखर्च रेंजरच्या दहा पटींहून जास्त असल्याचा अंदाज आहे.

सपाट जमिनीवर उतार नसतो, म्हणून ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. ती कधी द्यायची? टाच टेकते तेव्हा शरीराची गती एकदम दिशा बदलते आणि ऊर्जा वाया जाते. पुढची टाच टेकण्याच्या अगदी आधी मागच्या पायानं रेटा दिला, तर हा तोटा बराच घटतो. हे गणितानं कळतं, पण नेमका किती रेटा आणि कुठल्या क्षणी, हे संगणकातल्या रेंजरकडून काढून घ्यावं लागलं. त्यासाठी मोटरचं, गिअरचं घर्षण, स्प्रिंगचा ताठपणा, इलेक्ट्रॉनिक्सला लागणारी वीज, सगळं मोजून प्रतिरूपात घातलं. मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे मोजणं. ते कच्चं राहिलं, तर पडद्यावरचा रोबो झकास चालतो आणि जमिनीवरचा तोंडावर आपटतो.

चाल टिकाऊ आहे की नाही, हेही आधी पडद्यावरच तपासता येतं. एका पावलाच्या सुरुवातीला मुद्दाम थोडी चूक घालायची. पुढच्या पावलांत ती आकसत गेली तर चाल टिकते, फुगत गेली तर यंत्र पडणार. म्हणूनच रेंजरला क्षणाक्षणाला सावरावं लागत नव्हतं. पावलागणिक मोजक्या दुरुस्त्या पुरायच्या.

पण रेंजर चालला तो बंदिस्त सभागृहातल्या सपाट ट्रॅकवर. उजनी धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या रानात उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. पाऊल टेकल्यावर जमीन किती दबते आणि चिकटून पाय किती ओढते, हे प्रतिरूपात आणणं फार अवघड. काळ्या मातीची ही मोजमापं इथल्याच पोरांनी घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. साधनं हाताशी आहेत. ‘मुजोको’ ही भौतिकीची संगणकप्रणाली २०२२पासून पूर्ण खुली आहे, आणि ती शिकवणारे भौंसुले यांचे धडे यूट्यूबवर फुकट आहेत. टेंभुर्णीतल्या डिप्लोमाच्या मुलानं सुरुवात मॅकगीरच्या उतारापासून करावी: दोन सरळ पाय, कमरेशी एक वजन, मोटर नाही. उताराचा कोन थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि चाल कुठे मोडते ते वहीत टिपायचं.