टी-शर्टवरचं नाव आकसलं की मशीनला दोष देऊ नका. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी नेमकी कुठे बिघडते ते वाचा

मे महिना लागला की तालुक्याच्या गावातल्या एम्ब्रॉयडरीवाल्यांचा फोन थांबत नाही. शाळेचे गणवेश, कबड्डी संघाचे टी-शर्ट, पुढे वारीच्या टोप्या, गणपतीत मंडळांचे कुर्ते. पूर्वी या कामासाठी जिल्ह्याला जावं लागायचं. आता एका हेडचं मशीन लहान गावातही दिसतं, बहुतेक कर्ज काढून घेतलेलं.

मागच्या हंगामात आमच्या भागातल्या एका ताईंना एका संघाच्या ६० टी-शर्टांचं काम मिळालं. छातीवर लोगो, खाली संघाचं नाव. मशीनवर असेपर्यंत सगळं झकास दिसत होतं. फ्रेम सोडली आणि अक्षरांभोवती कापड चुण्या पडून गोळा झालं. पोरांनी घ्यायला नकार दिला. टी-शर्ट त्यांनीच आणून दिलेले, त्यामुळे मजुरी तर गेलीच, वर टी-शर्टांचे पैसेही भरून द्यावे लागले. ताईंचा पहिला प्रश्न होता, "मशीन खराब आलंय का?" मशीन चांगलं होतं. चूक तीन ठिकाणी होती आणि तिन्ही गोष्टी पहिला टाका पडायच्या आधीच्या होत्या.

सुई कापड ओढते, हे आधी डोक्यात ठेवा

प्रत्येक टाका कापडाला थोडंसं आपल्याकडे ओढतो. एक-दोन टाक्यांनी काही होत नाही, पण छातीवरच्या साध्या लोगोतही पाच-सहा हजार टाके असतात. साध्या शर्टाचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं, ते बरंच सहन करतं. टी-शर्टचं होजियरी कापड फासांचं असतं, ते ताणलं जातं आणि परत आकसतं. ताईंनी टी-शर्ट फ्रेममध्ये ढोलकीसारखा ताणून बसवला होता. ताणलेल्या कापडावर टाके पडले, फ्रेम सोडल्यावर कापड मूळ जागी आलं आणि टाके मात्र होते तेवढेच राहिले. चुणी पडणारच.

शर्टाचं कापड फ्रेममध्ये घट्ट बसवायचं. टी-शर्ट मात्र फक्त सपाट बसवायचा, ताण द्यायचा नाही. घट्टपणा खालच्या बकरममधून आला पाहिजे, कापडातून नाही. फ्रेम लावल्यावर टी-शर्टच्या उभ्या रेघा वाकड्या दिसल्या तर ती काढून पुन्हा लावा. आणि डिझाइन मावेल एवढीच लहान फ्रेम घ्या. मोठ्या फ्रेममध्ये मधलं कापड सुईबरोबर वरखाली उडतं.

दुसरी चूक बकरमची. बाजारात मुख्य दोन प्रकार मिळतात. एक काम झाल्यावर हाताने फाडून काढायचं, दुसरं कात्रीने कडेने कापायचं आणि टाक्यांखाली कायमचं ठेवायचं. फाडायचं बकरम शर्ट, टोपी, पिशवी अशा न ताणणाऱ्या कापडाला चालतं. टी-शर्टला कापायचंच हवं, कारण तो प्रत्येक धुण्यात ताणला जाणार आणि तेव्हा टाक्यांना आधार लागणार. फाडायचं बकरम स्वस्त पडतं म्हणून ताईंनी तेच सगळीकडे वापरलं होतं. टॉवेल, लोकरी कापड असेल तर वरूनही पाण्यात विरघळणारा पातळ कागद टाकतात, नाहीतर अक्षरं लवेत बुडून जातात.

पंचिंग म्हणजे नुसता फोटो टाकणं नव्हे

तिसरी चूक डिझाइनमध्ये होती, आणि पुष्कळांचा गैरसमज इथेच आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो मशीनला दिला की ते आपोआप शिवतं, असं होत नाही. कुठला टाका कुठून कुठे जायचा, आधी काय, नंतर काय, हे कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून ठरवतं. याला पंचिंग म्हणतात. आपोआप पंचिंग करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण माझं मत विचाराल तर पैसे घेऊन करायच्या कामात त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. चांगल्या पंचिंगवाल्याला दिलेले पैसे पहिल्याच ऑर्डरमध्ये वसूल होतात.

चांगलं पंचिंग ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे वरचे चकचकीत टाके पडायच्या आधी खाली विरळ टाक्यांचा थर असतो. घराला पाया तसा. तो कापडाला बकरमशी बांधून ठेवतो. हा थर नसला की कडा फाटक्या दिसतात. दुसरं, टाक्यांची दाटी. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला दोन ओळींमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. "भरगच्च दिसू दे" म्हणून दाटी वाढवली की डिझाइन पुठ्ठ्यासारखं कडक होतं, धागा तुटतो आणि पातळ कापडाला भोकं पडतात.

तिसरी गोष्ट जरा गमतीची आहे. पडद्यावर अगदी गोल दिसणारी टिकली कापडावर अंडाकृती येते. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापड आत ओढलं जातं, आणि त्याच्या आडव्या दिशेला बाहेर ढकललं जातं. जाणकार पंचिंगवाला म्हणूनच टिकली मुद्दाम थोडी रुंद काढतो, मग कापडावर ती गोल येते.

मराठी अक्षरांना हे जास्तच लागू होतं. शिरोरेषेतले टाके वरून खाली जातात, म्हणून रेघ जाडीला बारीक होते आणि लांबीला पुढे सरकते. त्याची भरपाई आधीच करून ठेवली नाही तर अक्षर आणि शिरोरेषा यांच्यात फट राहते. इंग्रजी अक्षर पाच मिलिमीटर उंचीचं असलं तरी वाचता येतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. मधलं अक्षर पाच मिलिमीटर ठेवलं तर सगळी ओळ धरून एक सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते. एवढी जागा नसेल तर नाव छोटं करा, किंवा ६० नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई वापरा. "श्री"चा गोळा झालेले गणवेश आपण सगळ्यांनी पाहिलेत.

फॉन्टचीही एक अडचण असते. ग्राहकाने जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या जागा सोडतात. नाव फोटो म्हणून मागवा आणि पंचिंग झाल्यावर त्याच ग्राहकाला पाठवून "शुद्धलेखन बरोबर आहे" असा लेखी मेसेज घ्या. छापील पत्रिका पुन्हा छापता येते. कापडातले टाके उसवता येतात, पण सुईची भोकं मागे राहतात.

मशीनला जाणाऱ्या डीएसटी फाईलमध्ये रंगांची माहिती नसते, रंगाचा क्रम आपल्यालाच लावायचा असतो, म्हणून तो वहीत लिहून ठेवा. आणि ग्राहक म्हणाला "लोगो जरा मोठा करा", तर मशीनवर ती फाईल ताणू नका. टाक्यांची दाटी बिघडते. पंचिंगवाल्याकडून मूळ फाईलमधूनच बदलून घ्या.

सुई, धागा आणि उलटी बाजू

होजियरीला गोल टोकाची सुई लागते. टोकदार सुई फास कापते, आणि ते भोक पहिल्या धुण्यात मोठं होतं. सर्वसाधारण कामाला ७५/११ नंबर चालतो. सुई बोथट झाली की टक्-टक् असा आवाज बदलतो, सवय झाली की कानाला कळतं. काही रुपयांच्या सुईसाठी दुसऱ्याचा टी-शर्ट पणाला लावू नये.

धागा दोन प्रकारचा. रेयॉनला चमक जास्त, ब्लाउज-कुर्त्याला शोभतो. पण ओला झाला की कमजोर पडतो आणि ब्लीचिंगने त्याचा रंग जातो. गणवेश दगडावर आपटून, सोड्याने धुतले जाणार, त्यांना पॉलिस्टरच. जरीच्या धाग्याला मोठ्या नेढ्याची सुई लावा आणि वेग निम्म्याजवळ आणा, नाहीतर दिवसभर धागाच ओवत बसाल.

ताण बरोबर आहे की नाही हे काम उलटं करून बघितलं की कळतं. जाड अक्षराच्या मागे मधोमध पांढरा बॉबिनचा धागा दिसला पाहिजे, रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. दोन्ही बाजूंना वरचा रंग. पांढरा दिसतच नसेल तर वरचा धागा ढिला आहे. मागे सगळं पांढरं, आणि पुढेही पांढरे ठिपके, तर वरचा धागा जास्त घट्ट किंवा बॉबिन ढिली. कोणी नमुना दाखवला तर आधी उलटून बघा, कारागीर तिथेच कळतो.

हुकला तेल द्यायचं ते थेंबभरच, आणि तेलानंतर आधी चिंधीवर चालवायचं. पांढऱ्या गणवेशावर तेलाचा डाग पडला की त्याचा हिशेब तुमच्याकडेच येतो.

वीज गेली तर? बहुतेक मशीन थांबलेला टाका लक्षात ठेवतात आणि तिथूनच पुढे सुरू होतात. तेवढ्यात फ्रेमला धक्का लागला तर मात्र उरलेलं डिझाइन बाजूला सरकून पडतं. अंधारात फ्रेमला हात लावू नका, लेकरांनाही लावू देऊ नका. व्होल्टेज वरखाली होतं तिथे स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग हवंच.

ऑर्डर घेण्याआधीचा हिशेब

या कामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो. म्हणून आधी टाके विचारा, मग दर सांगा, मग तारीख. समजा ६,००० टाक्यांचा लोगो आहे आणि मशीन मिनिटाला ७०० टाके मारतं. नुसत्या शिलाईला साडेआठ मिनिटं. रंग बदलणं, धागा तुटणं, फ्रेम लावणं धरून एक नग अकरा मिनिटांच्या खाली जात नाही. २०० नग म्हणजे २,२०० मिनिटं, जवळपास ३७ तास. एका हेडवर रोज आठ तास काम केलं तरी पाच दिवस, तेही वीज राहिली तर. "परवा देतो" असं तोंडातून जायच्या आधी हे गणित कागदावर मांडा. घाईत वेग वाढवला की धागा तुटतो आणि वेळ उलट जास्त जातो.

गणवेश गावातच शिवले जात असतील तर शिंप्याकडून खिशाचे नुसते तुकडे आधी मागून घ्या. तुकड्यावर लोगो काढून परत दिला की तो खिसा लावतो. फ्रेम लावायला सोपं, आणि बिघडलाच तर खिशाचा तुकडा बिघडतो, अख्खा शर्ट नाही. तयार कपड्यावर काम असेल तर प्रत्येक मापासाठी पुठ्ठ्याचा एक साचा करून ठेवा, खांद्याच्या शिवणीपासून लोगोपर्यंतचं अंतर त्यावर खूण करून. चौथीच्या पोराचा आणि दहावीच्या पोराचा लोगो एकाच अंतरावर लावला तर लहान पोराच्या पोटावर जातो.

पहिला नग पूर्ण करून धुवा आणि वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टरचा धागा आटत नाही, त्यामुळे कोरडं असताना सरळ दिसलेलं नाव धुतल्यावर आकसू शकतं. हा धुतलेला नग ग्राहकाला दाखवा, फोटो काढून ठेवा, मगच बाकीचे लावा. आणि मोठ्या ऑर्डरला दोन-चार नग जास्तीचे मागून घ्या, बिघडलेला नग कोणाच्या खात्यात हेही आधीच बोलून ठेवा.

त्या ताईंनी यंदा त्याच संघाचं काम पुन्हा मिळवलं. आधी फुकटात एक टी-शर्ट करून दाखवला. कापायचं बकरम, गोल टोकाची सुई, नवं पंचिंग, आणि टी-शर्ट फ्रेममध्ये न ताणता. कर्णधाराने तो घरी नेला, चार वेळा धुतला आणि मग ४५ नगांची ऑर्डर दिली. यावेळी टी-शर्ट ताईंनी स्वतःच आणले, निम्मे पैसे आगाऊ घेऊन.