वृद्धाश्रम निवडताना काय पाहाल?

जळोची, तांदूळवाडी, रुई ही एकेकाळची वेगळी गावे आता बारामती शहराचाच भाग झाली आहेत. शिकलेली मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि घरी सत्तरी ओलांडलेले आई-वडील, हे चित्र बारामती-इंदापूर भागात आता नवे राहिलेले नाही. अशात आईचे खुब्याचे हाड मोडते किंवा वडिलांना विस्मरणाचा आजार जडतो आणि वृद्धाश्रमाचा विचार करणे भाग पडते. मग ‘लोक काय म्हणतील’ यावर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते, पण आश्रमाची चौकशी मात्र दोन फोनवर उरकली जाते. आई-वडिलांची पुढची वर्षे सुखाची जाणार की हालाची, हे त्या चौकशीवरच ठरते. म्हणून ती कशी करावी, याची माहिती या लेखात घेऊ.

नियम काय सांगतात?

वृद्धाश्रम ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने १९६३ मध्ये स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रमांची योजना सुरू केली, तर १९९५ मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आली. पुढे २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे.

या कायद्याखाली केंद्राने तयार केलेल्या नमुना नियमांत वृद्धाश्रम कसा असावा हे सांगितले आहे. झोपण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट जागा असावी. स्वयंपाकघर, भोजनगृह वगैरे धरून ती माणशी १२ चौरस मीटर व्हावी. स्त्री-पुरुषांची राहण्याची सोय वेगळी असावी. उतरंड व कठडे असावेत, अपंगांना वापरता येईल असे शौचालय असावे, आजाऱ्यांसाठी खोली असावी आणि जवळच्या रुग्णालयाशी संधान बांधलेले असावे. हे नियम निराधारांच्या आश्रमांसाठी आहेत. तरीही पैसे भरून राहण्याचा आश्रम पाहताना हाच गज हातात घेऊन मोजावे. निराधारांना जे मिळायला हवे, त्याहून कमी पैसे भरणाऱ्याने का घ्यावे?

सर्वच वृद्ध-निवासांची नोंदणी व किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. मात्र २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते मंजूर झाले नाही. अनेक आश्रम ‘आमची संस्था नोंदणीकृत आहे’ असे सांगतात. ते खरेही असते. परंतु धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी विश्वस्त कोण आणि हिशेब काय यासाठी असते. न्हाणीघरात धरायला दांडी आहे की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. ते आपणच जाऊन पाहावे लागते.

पडणे टाळता येते

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे चालणे कायमचे मंदावते. अशा पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: न्हाणीघर, शौचालय आणि रात्री पलंगापासून तिथपर्यंतची वाट. म्हणून आश्रमाचा दिवाणखाना नंतर पाहा, आधी न्हाणीघर पाहा. फरशी गुळगुळीत आहे का? पाणी साचते का? कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेली दांडी आहे का? रात्रभर जळणारा दिवा आहे का? पलंगावरून हात पोचेल अशी घंटा आहे का? ती वाजवून पाहा आणि माणूस किती वेळात येतो ते मोजा. उतरंडीसाठी सोपा हिशेब असा: पायरीची उंची १ फूट असेल, तर उतरंड किमान १२ फूट लांब हवी. त्याहून आखूड असेल तर चाकाची खुर्ची ढकलणे अवघड आणि उतरवणे धोक्याचे असते.

औषधे कोण देते?

रक्तदाब, मधुमेह, संधिवात मिळून एकेका आजोबांच्या सात-आठ गोळ्या सहज होतात. प्रत्येकाच्या औषधांचा स्वतंत्र तक्ता हवा आणि गोळी दिल्यावर वेळ व देणाऱ्याची सही त्यात हवी. तो तक्ता दाखवा म्हणावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन दिले आणि जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वृद्धांच्या बाबतीत ‘वयामुळे बरळतात’ असे समजून याकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते. तिथल्या सेविकेला ही लक्षणे ठाऊक आहेत का, हे तिलाच विचारा.

रात्री ओरडतात, फिरतात म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणे किंवा पलंगाला बांधून ठेवणे ही काळजी नव्हे. गुंगीत माणूस जास्त पडतो, कमी जेवतो आणि लवकर अंथरुणाला खिळतो.

अंथरूण, अन्न आणि पाणी

स्वतःहून हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे यांवर दाब येऊन जखमा होतात. अशा जखमा किती जणांना आहेत, हा प्रश्न आश्रमाच्या दर्जाबद्दल पुष्कळ सांगून जातो. दुसरी खूण वजनाची. दर महिन्याला वजन करून लिहून ठेवले पाहिजे. ५० किलोच्या आजींचे वजन महिन्यात अडीच किलोने उतरले, तर दात, गिळणे, मनाची उदासी किंवा एखादा आजार, काहीतरी कारण असणारच.

वय वाढते तशी तहान कमी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘मागितले की देतो’ हे पुरेसे नाही. ठरावीक वेळी पाणी, ताक, सरबत हातात द्यावे लागते. शौचाला वारंवार उठवावे लागू नये म्हणून पाणी कमी देणारे आश्रम टाळावेत. पिण्याच्या पाण्याची ओ.टी. चाचणी करून क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असल्याची खात्री केलेली असावी.

आग आणि साथ

दिल्लीतील ग्रेटर कैलास भागात १ जानेवारी २०२३ रोजी पहाटे वृद्धांच्या निवासगृहाला आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. पहाटेची वेळ, चालता न येणारे रहिवासी आणि मोजकी माणसे, हा धोका कोणत्याही आश्रमात असू शकतो. म्हणून रात्रपाळीला किती माणसे असतात, दाराची किल्ली कोणाकडे असते, अंथरुणाला खिळलेले रहिवासी तळमजल्यावर आहेत का, हे विचारा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, तो लागू असलेल्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये घ्यावे लागते. शेवटचे प्रमाणपत्र पाहायला मागा.

साथीचेही तसेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना करोनाची बाधा झाली. एकत्र राहणाऱ्या वृद्धांत संसर्ग झपाट्याने पसरतो. ताप-खोकला असलेल्याला वेगळे ठेवण्याची खोली हवी, हात धुण्याची सोय हवी आणि इन्फ्लुएंझाच्या लसीबद्दल डॉक्टरांचा सल्ला घेतलेला असावा.

प्रवेशाआधी व नंतर

एक भेट ठरवून द्या, दुसरी न सांगता, जेवणाच्या वेळी द्या. राहणाऱ्यांशी व्यवस्थापक समोर नसताना बोला. अनामत, दरमहा रक्कम, आजारपणाचा खर्च आणि आश्रम सोडल्यास मिळणारा परतावा हे सारे लेखी घ्या. रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या वाहनाने, कोणासोबत, कुठे नेणार, हेही ठरवून ठेवा. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ते कार्ड आधीच काढून ठेवावे. आणि मुख्य म्हणजे, जिला किंवा ज्याला तिथे राहायचे आहे, त्या व्यक्तीला जागा दाखवून तिचा होकार घ्या.

प्रवेशानंतर भेटीला गेलात की चार गोष्टी पाहा: वजन, कातडी, नखे आणि बोलणे. अंगावर वळ किंवा निळे डाग दिसले, माणूस एकाएकी गप्प झाला, भेटू देण्यास टाळाटाळ झाली, तर वाट पाहू नका. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत मोफत चालते. तातडीच्या वेळी ११२ वर पोलिसांना कळवा. जिल्हाधिकारी किंवा सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. मुलेच सांभाळत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी साधा अर्ज करावा.

चांगल्या आश्रमाचे व्यवस्थापक असल्या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट वह्या काढून दाखवतात. जिथे प्रश्न विचारल्यावर कपाळाला आठ्या पडतात, तिथे आपल्या माणसाला ठेवू नये.