आजीचे बियाणे आणि अंगठ्याचा कागद

भातसानगर परिसरातल्या शेतकरी बंधू-भगिनींना राब, पेरणी, आवणी मी काय शिकवणार? तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती मला माझ्या आजीने शिकवली.

मृगाआधी आजी घमेल्यात पाणी घेई, त्यात मीठ विरघळवी आणि भाताचे बी ओती. वर तरंगलेले पोचट दाणे काढून टाकी. तळाला बसलेले बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवी. म्हणायची, "हलकं बी पेरलं तर हलकंच पीक पदरात पडंल." पुढे कृषी पदविकेला असताना 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, हे 3 टक्के द्रावणाचे प्रमाण वहीत उतरवले. पहिला धडा मात्र घरच्या ओट्यावरच झाला होता.

पण बी पारखणाऱ्या माझ्या आजीला कागद पारखता येत नव्हता. एका वर्षी बैलासाठी तिने उसने पैसे घेतले आणि कागदावर अंगठा दिला. पैसे फिटले असे ती समजत होती. कागदावर आकडा दुप्पट निघाला. शेवटी बैलजोडीच विकावी लागली. त्या रात्री ती मला म्हणाली, "बी मी बघते, कागद तू बघत जा." तिला स्वतःला सही कधीच आली नाही.

म्हणून मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचे मला मोठे अप्रूप वाटते. तिथे 8 मार्च 2016 रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने तिला साथ दिली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. जन्मभर अंगठा उठवलेल्या बायका स्वतःचे नाव लिहायला शिकल्या. त्या वयात पाटी हातात घ्यायला त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

तेव्हा यंदा दोन गोष्टी कराच. बियाण्याची पावती, पिशवी, लेबल आणि थोडे बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच आधार असतो. आणि सातबारा असो, पीकविम्याचा अर्ज असो की सोसायटीचे कर्ज, वाचल्याशिवाय किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका.

आम्हा कर्मचाऱ्यांनाही एक सांगणे आहे. गर्दीत, घाईत मीसुद्धा कागद वाचून न दाखवता शाईचा पॅड पुढे केला आहे. एकदा समोरच्या म्हातारीने विचारले, "दादा, ह्यात काय लिवलंय?" माझा हात तिथेच थांबला. तेव्हापासून आधी वाचून दाखवतो, मगच पॅड उघडतो.