स्वयंचलित गिअरची परीक्षा

जुन्या मोटारीचा स्वयंचलित गिअर नीट चालेनासा झाला, की गिअर-पेटी उघडण्याची घाई पुष्कळजण करतात. पेटी उतरविणे, तिचे असंख्य भाग सुटे करून पुन्हा जुळविणे हे काम कसबाचे आणि फार खर्चाचे असते. दोष पेटीबाहेरच्या एखाद्या रबरी नळीत असला, तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत होते. म्हणून पेटी न उघडता तिचे दुखणे कसे ओळखावे, याचा येथे विचार करू.

साध्या मोटारीत चालक पायाने क्लच दाबतो व हाताने गिअर बदलतो. स्वयंचलित मोटारीत ही दोन्ही कामे यंत्रच करते. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची अशी पेटी पुढे आणली व ती ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मोटारींत बसविली. त्याच कंपनीची ‘टर्बो-हायड्रामॅटिक ३५०’ ही तीन गतींची पेटी १९६९ च्या मोटारींपासून वापरात आली. तिच्यात संगणक नाही. सारा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. आपण तिचेच उदाहरण घेऊ.

विजेचा एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. एंजिन आणि गिअर-पेटी यांच्यामधील टॉर्क कन्व्हर्टरात वाऱ्याचे हे काम तेल करते. पेटीच्या आत दंतचक्रांच्या जोड्या असतात. तेलाचा दाब क्लचच्या तबकड्या किंवा पट्टे आवळतो आणि त्यायोगे हवा तो गिअर पडतो. गिअर केव्हा बदलावा, हे दोन निरोपांवरून ठरते. मोटारीच्या वेगाचा निरोप ‘गव्हर्नर’ देतो. एंजिनावरील भाराचा निरोप ‘मॉड्युलेटर’ देतो. मॉड्युलेटरला तो निरोप एंजिनाकडून आलेल्या नळीतील निर्वातामुळे कळतो. वेगाचा जोर भाराच्या जोराहून वरचढ झाला, की झडप सरकते व वरचा गिअर पडतो.

यावरून परीक्षा कोठून आरंभावी हे उघड आहे. प्रथम तेल पाहावे. मोटार सपाट जागी उभी करून ब्रेक घट्ट लावावा. तेल तापलेले असावे. गिअरची दांडी सर्व स्थानांतून फिरवून ‘पार्क’वर आणावी आणि एंजिन मंद चालू ठेवून तेलमापाची पट्टी पाहावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतो. तेल फाजील असेल तर फिरणारे भाग ते घुसळून त्याचा फेस करतात, आणि परिणाम तोच होतो. चांगले तेल तांबडे व स्वच्छ असते. ते काळपट होऊन त्याला करपट वास येत असेल, तर क्लचच्या तबकड्या जळाल्या असे समजावे. ते दुधाळ गुलाबी दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. हे तेल रेडिएटरमधील नळीतून फिरून थंड होते. तीच नळी बहुधा फुटलेली असते.

तेल ठीक असेल तर लक्षणे पाहावीत. एंजिनाचा आवाज चढतो पण मोटार वेग घेत नाही, याचा अर्थ क्लच घसरतो आहे. सर्वच गिअरांत घसरत असेल, तर दोष पंपात किंवा तेलाच्या गाळणीत शोधावा. एकाच गिअरात घसरत असेल, तर त्या गिअरच्या क्लचात अथवा पट्ट्यात. मोटार पहिल्या गिअरमधून वर जातच नसेल, तर संशय गव्हर्नरवर येतो. गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडत असेल, तर मॉड्युलेटरची रबरी नळी चिरली किंवा निसटली आहे का ते पाहावे; नळीत निर्वात नसला, की एंजिनावर पूर्ण भार आहे असाच पेटीचा समज होतो.

एक लक्षण तर मोठे चमत्कारिक आहे. मोटारीखाली एक थेंबही पडत नाही, तरी तेल घटत जाते, आणि मागच्या नळीतून पांढरा धूर निघतो. अशा वेळी मॉड्युलेटरमधील पडदा फाटलेला असतो आणि एंजिन गिअरचे तेल शोषून जाळीत असते. नळी काढून पाहावी. आत तेल आढळले, की निदान पक्के झाले. हा भाग पेटीच्या बाहेर एकाच बोल्टने बसविलेला असतो. तो बदलण्यास पेटी उतरवावी लागत नाही.

इतक्यानेही उलगडा न झाल्यास जाणत्या कारागिराकडून मापकाने तेलाचा दाब तपासून घ्यावा. तेलाचे खालचे तबक काढल्यावर त्यात थोडी बारीक काळी पूड आढळली, तर भिण्याचे कारण नाही. धातूचे कीस आढळले, तर मात्र पेटी उघडणे भागच आहे.

घाई जशी नडते, तशीच हयगयही नडते. तेल कमी असताना मोटार तशीच दामटली, तर घसरणाऱ्या तबकड्या तापून जळतात; जे काम थोड्या तेलाने भागले असते, त्यासाठी अखेर सारी पेटी उघडावी लागते. विद्यार्थिमित्रांनो, बाहेरून आत आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणे, व प्रत्येक पायरीवर एकेक संशय दूर करीत पुढे सरकणे, हीच शास्त्रीय परीक्षेची रीत होय. प्रयोगशाळेत आपण तीच शिकतो. मोटारीच्या तेलमापाच्या पट्टीपाशीही तीच उपयोगी पडते.