पगार, पाव आणि चावी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. आजच्या सुशिक्षित तरुणाचे बिऱ्हाडही पाठीवरच असते. पिशवीत लॅपटॉप असला की झाले. कचेरी एका देशात आणि मुक्काम दुसऱ्याच देशात, अशा या नव्या फिरस्त्याला ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. एखादे दिवशी आपले चिरंजीव किंवा कन्यका असाच बेत जेवणाच्या पानावर जाहीर करतात, आणि गावाचे नाव सांगतात लिस्बन!

लिस्बन आपल्याला अगदीच परके नाही. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. मराठीला पोर्तुगीजांनी दिलेले आंदण मात्र अजून आपल्या घरात नांदते आहे. पगार, पाव आणि चावी हे तिन्ही शब्द त्यांचेच. गंमत अशी की, त्या महागड्या शहरात निभाव लागणे नेमके या तीन शब्दांवरच अवलंबून आहे.

प्रथम पगार. परदेशी मालकासाठी दुरून काम करणाऱ्यांना पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा देऊ केला. मासिक प्राप्ती तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी, ही त्याची अट. २०२५ साली ते वेतन ८७० युरो होते. चौपट म्हणजे ३,४८० युरो. काटकसरीने राहू म्हणणाऱ्यालाही दारातच ऐपत दाखवावी लागते. शिवाय मुक्काम १८३ दिवसांहून लांबला की करापुरते आपण तिथले रहिवासी ठरतो. पुण्याच्या कचेरीत सकाळचे दहा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात तिथे पहाटेचे साडेचार झालेले असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आता पाव. उपाहारगृहात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात येते. नवख्याला ते अगत्य वाटते, पण खाल्ले की त्याचे पैसे बिलात लागतात. नको असेल तर हात न लावता परत करावे. दुपारी लहानशा खाणावळीत ‘आजचे ताट’ घ्यावे. कॉफी गल्ल्याशी उभ्यानेच प्यावी, कारण बाहेरच्या खुर्चीचे भाडे पेल्यात मिसळलेले असते. मार्तीं मोनीश चौकाच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी वाण्यांची दुकाने आहेत. तेव्हा मातांनो, लाडू-चिवड्याचे डबे भरण्याआधी लेकाला कुकर लावायला शिकवा!

राहता राहिली चावी, आणि खरी मेख तिथेच आहे. जुन्या शहरात, ट्रामच्या रुळांलगत घर हवे, हा हट्ट सोडावा. तेजो नदीपलीकडे अल्मादा आहे; कासिल्यासच्या धक्क्यावरून बोट दहाएक मिनिटांत लिस्बनला पोचवते. २०१९ साली सुरू झालेला ४० युरोंचा मासिक पास लिस्बनभोवतीच्या अठरा नगरपालिकांत बोट, बस, मेट्रो, आगगाडी या सर्वांना चालतो. आठवड्याच्या भाड्याने राहण्यापेक्षा वर्षाच्या लेखी कराराने एखादी खोली घ्यावी. खोली पाहिल्यावाचून अनामत पाठवू नये.

पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बनमध्ये हजारो माणसे घरांच्या महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरली. प्रवाशांसाठी राखलेली घरे आणि बाहेरून येणारा पैसा यांनी जुन्या वस्त्यांतली भाडी फुगवली, ही त्यांची तक्रार. किमान वेतनाच्या चौपट कमावणारा पाहुणा ज्या भाड्याला ‘परवडते’ म्हणतो, त्याच भाड्यापायी तिथल्या शिक्षिकेला, दुकानातल्या नोकराला गल्ली सोडावी लागते. मुंबईत गिरगाव-दादर सोडून डोंबिवलीला गेलेल्या कुटुंबांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून आपल्या फिरस्त्याला निरोप देताना एवढे जरूर सांगावे: बाळ, भाव चढवून घर मिळवू नकोस. एका जागी टिकून राहा, शेजाऱ्याची भाषा चार शब्द तरी शीक, कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान आण. महाग शहर स्वस्त पडते ते तिथला होऊन राहणाऱ्याला. आणि तीन शब्द तर तुला आधीच येतात!