बँकेने घराची किंमत कमी धरली तर?

ताईंनो, सध्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार येतोय. पोरगा वाळूजला नाहीतर शेंद्र्याला कंपनीत लागलेला असतो, भाडं भरून घरचे कंटाळलेले असतात. मग रांजणगाव, पंढरपूर, चिकलठाणा या बाजूला एखादं घर पसंत पडतं. सौदा ठरतो, इसार दिला जातो. बँकेचा माणूस येऊन घर मोजून जातो आणि काही दिवसांनी शाखेतून कळतं, "व्हॅल्युएशन कमी आलंय." बाया घाबरून जातात. कर्ज नाकारलं असंच त्यांना वाटतं.

कर्ज नाकारलेलं नसतं. व्हॅल्युएशन म्हणजे मूल्यांकन. आपण हप्ते भरले नाहीत तर हे घर विकून किती पैसे येतील, याचा अंदाज बँक नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घेते. ठरलेली किंमत आणि हा अंदाज यातला जो आकडा कमी, त्यावर बँक कर्ज मोजते. समजा सौदा 18 लाखांचा आहे आणि बँक 80 टक्के देते. कर्ज 14 लाख 40 हजार, आपले 3 लाख 60 हजार. पण मूल्यांकन 15 लाख आलं तर कर्ज 12 लाख, आणि आपल्याला घालायचे 6 लाख. म्हणजे 2 लाख 40 हजारांचा खड्डा पडला. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळाच.

इथे तीन किमती असतात आणि त्यांचाच घोळ होतो. एक मालक सांगतो ती. दुसरी सरकारी दराने निघते ती, म्हणजे रेडी रेकनर. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि सरकारी किंमत यातल्या जास्त आकड्यावर लागतं. तिसरी बँकेची. या तिन्ही जुळतीलच असं नाही. आपल्याकडे मालक बऱ्याचदा उद्याचा भाव आजच सांगतो. समृद्धी महामार्ग झाला, बिडकीन-शेंद्र्याला कारखाने येणार, मग भाव वाढणारच, असं त्याचं म्हणणं. बँक मात्र आज शेजारची घरं कितीला गेली तेच बघते.

कमी मूल्यांकनाचं दुसरं कारण कागदात असतं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. वाळूज पट्ट्यातल्या एका ताईंनी खाली तीन खोल्या आणि वर दोन, असं घर ठरवलं होतं. वरच्या दोन खोल्यांना परवानगीच नव्हती, म्हणून मूल्यांकनकाराने त्या धरल्याच नाहीत. ताईंचा 1 लाख इसार साध्या कागदावर दिलेला. फरक भरायला नातेवाईक तयार होते, पण ताईंनी सौदा सोडला. इसारापैकी 60 हजार हप्त्याहप्त्याने परत आले. बाकीचे 40 हजार अजून मालकाकडेच आहेत, आणि दरवेळी पुढच्या महिन्याचा वायदा मिळतो.

आपल्या शहरात गुंठेवारीच्या वस्त्या भरपूर. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात बसू शकतात. पण आपोआप नाही, शुल्क भरून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते मालकाकडे आहे का, हे इसार देण्याआधी विचारा. ग्रामपंचायत हद्दीत नुसता नमुना 8 दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आणि "बॉण्डवर घेतलंय" असं मालक म्हणाला तर तिथेच थांबा. नोंदणी केलेल्या खरेदीखताशिवाय घर नावावर होत नाही.

मूल्यांकन कमी आलंच, तर आधी शाखेत जाऊन रिपोर्टची प्रत मागा. प्रत देत नसतील तर निदान क्षेत्रफळ किती धरलं आणि दर काय लावला, एवढं लिहून घ्या. मग ते आपल्या कागदांशी ताडून बघा. एखादी खोली मोजायची राहिली, रस्ता चुकीचा लिहिला, असंही होतं. तशी चूक दिसली तर लेखी अर्ज देऊन फेरतपासणी मागा. दर कमी वाटत असेल तर पुरावा लागतो. आसपासच्या घरांच्या झालेल्या खरेदीची सूची 2 नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघता येते. गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, ती काढून देईल.

चूक निघाली नाही, तर रिपोर्टचा आकडा घेऊन मालकाकडे जा. "आम्ही नाही म्हणत, बँक म्हणते," असं म्हणायला आता आपल्याकडे आधार आहे. दुसरं गिऱ्हाईकही कर्ज काढूनच येणार, त्यालाही हाच आकडा आडवा येणार, हे मालकालाही कळतं. थोडा तरी भाव उतरतो. दुसऱ्या बँकेत जाता येतं, पण तिथे प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकनाची फी पुन्हा भरावी लागते. बांधकामाला परवानगीच नसेल तर तिथेही फार फरक पडायचा नाही.

फरक भरायला गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्स आणि सोनं गहाण हे तिन्ही एकदम उचलू नका. घराचा हप्ता पंधरा-वीस वर्षं चालतो. त्यावर आठवड्याची वसुली बसली की दोन्ही थकतात. मालक "वरचे रोख द्या, कागदावर नको" म्हणाला तरी देऊ नका. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि कागदावर नसलेला पैसा परत मागता येत नाही.

इसारपावती लिहिताना एक ओळ घालून घ्या: "बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास इसाराची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत केली जाईल." दोन साक्षीदार घ्या, रक्कम चेकने किंवा खात्यावरून द्या. या अटीला मालक नकोच म्हणत असेल, तर इसार कमीत कमी ठेवा.

आणखी एक. तयार घराचं खरेदीखत फक्त बाईच्या नावावर असेल तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. 16 लाखांच्या घरावर हे 16 हजार होतात. हा विषय घरात आधीच काढा, दुय्यम निबंधकाच्या दारात नको.