काच आपोआप खाली आली तेव्हा

यंदा दिवाळीत वडोदऱ्याला घरी गेलो होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याने फराळ करता करता विचारलं, "काका, कॉलेजात अजून सी शिकवतात. पन्नास वर्षांपूर्वीची भाषा! तुम्ही गाड्यांमध्ये खरंच तीच वापरता?"

"बहुतेक तीच," मी म्हणालो. मग त्याला जे सांगितलं, ते मंडळातल्या बाकीच्या मुलामुलींसाठीही लिहितोय.

मी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आजच्या गाडीत असे छोटे संगणक डझनांनी असतात. ब्रेक, एअरबॅग, दिवे, काचा, सगळं त्यांच्या हाती. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. ती वेगवान आहे, लहानशा चिपमध्ये मावते, म्हणून टिकली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टेस्ट बेंचवरच्या दाराची काच मध्येच आपोआप खाली यायला लागली. बटणाला कुणी हात लावलेला नसायचा. कारण शोधायला अकरा दिवस लागले.

गाडीतले संगणक 'कॅन' नावाच्या जोडणीवरून एकमेकांना निरोप पाठवतात. जुन्या पद्धतीत एका निरोपात जास्तीत जास्त ८ बाइट, नव्या 'कॅन एफडी'त ६४. आमच्या जुन्या कोडने ८ बाइटचीच जागा ठेवली होती. नव्या युनिटने १२ बाइट पाठवले. जादा ४ बाइट शेजारच्या जागेत सांडले, आणि तिथे नेमकी काचेची आज्ञा साठवलेली होती. आईच्या मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असतात. आठवी आहे असं समजून न बघता तिखट ओतलं, तर ते शेजारच्या साखरेत पडणारच. सी आपल्याला अडवत नाही.

यावर उपाय म्हणून 'मिस्रा सी' ही नियमावली १९९८ पासून आहे. आम्हीही ती वापरत होतो. तपासणीच्या टूलने त्या ओळीवर इशारा दिलाही होता. पण असे इशारे शेकड्यांनी होते, आणि 'जुना कोड आहे, चालेल' असा शेरा मारून तो मीच बंद केला होता. गाडी रस्त्यावर आलेली नव्हती, हे नशीब.

रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची. हाच कोड साध्या रस्टमध्ये असता, तर बाइट शेजारी सांडण्याआधीच प्रोग्राम थांबला असता. एकाच माहितीत दोन ठिकाणांहून एकाच वेळी बदल करणारा कोड तर रस्टचा कंपायलर मुळात स्वीकारतच नाही. अर्थात, धावत्या गाडीत नुसतं थांबणंही सुरक्षित नसतं. निरोप चुकीचा असेल तर तो टाकून द्यायचा आणि काच आहे तिथेच ठेवायची, हे आपणच लिहावं लागतं. आणि काच वर न्यायच्या ऐवजी खाली न्या असं आपणच लिहिलं, तर रस्ट काय करणार?

मग सगळं रस्टमध्ये का नाही? गाड्यांसाठी आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचं मानक आहे, आणि कंपायलरवरही विश्वास ठेवता येतो हे दाखवावं लागतं. 'फेरोसीन' या रस्ट कंपायलरला त्यातल्या सर्वांत कडक पातळीसाठी मान्यता मिळाली ती २०२३ मध्ये. शिवाय प्रत्येक चिपसाठी रस्ट मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं तपासलेला जुना कोड फेकून देणं हीसुद्धा जोखीमच.

गूगलचा अनुभव इथे उपयोगी पडला. अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी मेमरीच्या चुकांमुळे झालेल्या २०१९ मध्ये ७६ टक्के होत्या, २०२४ मध्ये २४ टक्के. जुना कोड बहुतांशी तसाच ठेवून, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहून त्यांनी हे साधलं.

आम्हीही तेच ठरवलं. बाहेरून आलेला निरोप वाचणारा भाग आधी रस्टमध्ये, बाकी सी तसंच. "उद्या हे सांभाळणार कोण?" असं साहेबांनी विचारलं. सहा जणांच्या टीममधले आम्ही दोघे शिकायला बसलो. पहिले दोन महिने कंपायलरशी भांडण्यात गेले.

पुतण्याला शेवटी एवढंच म्हणालो, "सी नीट शीक, म्हणजे बाइट कुठे पडतो ते कळेल. मग रस्ट शीक. आणि कुठल्याही भाषेत, इशारा वाचल्याशिवाय बंद करू नकोस."